आठ कोटी विकूनही हरलेलं यंत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोनीच्या पीएसपी या हातात धरून गेम खेळायच्या यंत्राचे आठ कोटींच्या आसपास नग खपले, तरी ते निन्टेन्डो डीएसपुढे हरलं असं सगळे म्हणतात. व्हॅल्व्हचं स्टीम डेक त्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नाही, तरी त्याचं नाव यशस्वी यंत्रांत घेतलं जातं. मग असं हातातलं यंत्र, म्हणजे हँडहेल्ड, चाललं की पडलं हे ठरवायचं कशावरून? आणि निन्टेन्डोच्या नव्या स्विच २ बद्दल आत्ताच काही म्हणता येईल का?

मी मुंबईत गेमिंगच्या मालाच्या घाऊक धंद्यात बावीस वर्षं काढली. सुरुवात उधारीच्या वह्या सांभाळण्यापासून झाली आणि पुढे पुढे बाहेरच्या कंपन्यांना ‘इथे किती माल उचलला जाईल’ याचे अंदाज करून देऊ लागलो. त्यामुळे माझी सवय अशी आहे की नगांचा आकडा मी तिसऱ्या नंबरवर बघतो. आधी बघतो ते यंत्र बनवणाऱ्याने कशासाठी काढलं होतं. मग बघतो, ते घेऊन गेलेला माणूस पुन्हा किती वेळा गल्ल्यापाशी आला.

तरी सुरुवात आकड्यापासूनच करू, कारण सगळे अडकतात तिथेच.

कंपनी ‘विकले’ म्हणते तेव्हा बहुतेक वेळा माल तिच्या दारातून बाहेर पडला, एवढाच त्याचा अर्थ असतो. तो वितरकाच्या गोदामात असेल, दुकानाच्या पोटमाळ्यावर असेल, नाहीतर अजून बोटीवर असेल. निन्टेन्डो दर तिमाहीला नगांचा जो तक्ता छापते तोही पाठवलेल्या मालाचाच. यात लबाडी काही नाही, हिशेबाची रीतच तशी आहे. फक्त आपण तो आकडा ‘इतक्या लोकांच्या हातात’ असा वाचतो आणि फसतो.

नोकियाचं एन-गेज आठवा. ऑक्टोबर २००३, किंमत २९९ डॉलर, फोन आणि गेमचं यंत्र एकात. पहिल्या दोन आठवड्यांतच चार लाख नग गेल्याचं कंपनीने सांगितलं. ते गेले होते दुकानदारांकडे. गिऱ्हाइकाने त्यातले किती उचलले याची चौकशी सुरू झाली तेव्हा चित्र फारच वेगळं निघालं, आणि काही आठवड्यांतच अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी त्यावर शंभर डॉलर सूट लावली. गेम बदलायचा तर मागचं झाकण काढा, बॅटरी काढा, कार्ड बदला, पुन्हा फोन चालू करा. बोलायचं तर यंत्र आडवं धरून त्याची कड कानाला लावा. असा माल दुकानापर्यंत पोचतो आणि तिथेच बसतो.

हे ‘बसणं’ मी जवळून पाहिलंय. मार्चअखेर आली की एका कंपनीचा माणूस हमखास आमच्या ऑफिसात येऊन बसायचा. ‘तेवढे चारशे नग उचला, एप्रिलमध्ये बघू’ म्हणायचा. त्याचं टार्गेट पुरं व्हायचं, कंपनीच्या तक्त्यात विक्री चढायची आणि आमच्या गोदामात खोकी. मग जूनमध्ये भाव उतरायचा. हातातल्या मालावर फरकाची क्रेडिट नोट मिळेल असं तोंडी सांगितलेलं असायचं, ती एका वर्षी आलीच नाही. नाव घेत नाही. पण तेव्हापासून कुणी मार्च तिमाहीचा आकडा कौतुकाने दाखवला की मी पुढच्या तिमाहीचा मागतो.

आकड्यातली दुसरी गंमत म्हणजे नग आणि माणसं यातला फरक. डीएसचे एकूण १५ कोटी ४० लाख नग गेले. त्यातले ९ कोटी ३८ लाखांहून जास्त एकट्या डीएस लाइटचे. ज्यांच्याकडे पहिलं जाडजूड डीएस होतं त्यातल्या कित्येकांनी लाइट घेतलं, मग डीएसआय घेतलं. एका घरात तीन भावंडांची तीन यंत्रं हा प्रकार हँडहेल्डमध्येच होतो. टीव्हीला जोडायचं यंत्र घरात एक असलं तरी भागतं. म्हणून हँडहेल्डचा आकडा टीव्हीवाल्या कन्सोलच्या आकड्याशेजारी ठेवून ‘हे त्याच्यापेक्षा मोठं’ असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो.

आता मूळ मुद्दा. मला विचाराल तर हा सगळा विषय २०११ या एका वर्षात शिकून होतो. त्या वर्षी दोन यंत्रं आली. निन्टेन्डोचं थ्रीडीएस फेब्रुवारीत जपानमध्ये आणि मार्चमध्ये अमेरिकेत, २४९.९९ डॉलरला. सोनीचं व्हिटा, म्हणजे पीएसपीचा वारस, डिसेंबरमध्ये जपानमध्ये.

थ्रीडीएसची सुरुवात इतकी वाईट होती की आज सांगून पटत नाही. एप्रिल ते जून २०११ या तिमाहीत जगभरात मिळून फक्त ७ लाख १० हजार नग गेले. ज्या कंपनीने आधीच्या यंत्राचे पंधरा कोटी विकले, तिचे. चष्म्याशिवाय थ्रीडी दिसतं हे नवल दुकानात पाहायला लोक यायचे, पाहायचे आणि निघून जायचे, कारण त्यावर खेळायला दमदार असं काही नव्हतं. जुलैच्या शेवटी निन्टेन्डोने भाव पाडला. अमेरिकेत २४९.९९ वरून थेट १६९.९९, जपानमध्ये २५ हजार येनवरून १५ हजार. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, बाकीच्या संचालकांचेही कापले गेले. ज्यांनी आधीच चढ्या भावाने घेतलं होतं त्यांची नाराजी काढायला वीस जुने गेम फुकट दिले. नव्या भावात यंत्र तोट्यात विकलं जात होतं, आणि मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात निन्टेन्डोला कित्येक दशकांतला पहिला वार्षिक तोटा झाला, ४३ अब्ज येनच्या वर.

त्या ऑगस्टमध्ये कुणी मला विचारलं असतं तर मी ‘पडलं’ म्हणालो असतो. म्हणालोही होतो, दोघातिघांना.

मग वर्ष संपता संपता सुपर मारिओ थ्रीडी लँड आणि मारिओ कार्ट ७ आले. पुढे अ‍ॅनिमल क्रॉसिंग, पोकेमॉन एक्स आणि वाय. हे सगळे गेम निन्टेन्डोच्या घरचे, म्हणजे कार्ड विकलं की मोठा वाटा त्याच घरात. शिवाय मॉन्स्टर हंटर ही कॅपकॉमची मालिका थ्रीडीएसकडे वळली. जपानमध्ये पीएसपी ज्यांच्या जिवावर तगली त्यात ही मालिका सगळ्यात पुढे होती. शाळकरी पोरं, ऑफिसला जाणारी माणसं चौघं चौघं जमून खेळायची आणि चौघांकडे यंत्र हवंच. ती चौकडी उठून शेजारच्या ओट्यावर गेली. हा घाव व्हिटाला किती खोल बसला याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

थ्रीडीएस २०२० पर्यंत बनत राहिलं. शेवटचा हिशेब: यंत्रं ७ कोटी ५९ लाख, गेम ३९ कोटींच्या वर. म्हणजे यंत्रामागे पाच. डीएसच्या निम्मी यंत्रं. ‘निम्म्यावर आलं म्हणजे पडलं’ असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. ब्रेन ट्रेनिंग या गेमसाठी डीएस घेतलेल्या मावश्या-काका मंडळींना मधल्या काळात स्मार्टफोन मिळाला होता. ती माणसं परत येणार नव्हती आणि कुठलंही यंत्र त्यांना आणू शकलं नसतं. जी उरली ती गेमसाठी पैसे मोजणारी होती. त्यांच्यावर निन्टेन्डोचं घर नऊ वर्षं चाललं, त्यातही मधली चारपाच वर्षं अशी की टीव्हीला जोडायचा त्यांचा वी यू कन्सोल धड चालत नव्हता. आडातलं पाणी कमी झालं होतं खरं, पण पोहऱ्यात येत होतं.

आता व्हिटा. यंत्र म्हणून विचाराल तर मी आजही व्हिटाच उचलेन. पाच इंची ओलेड पडदा, अंगठ्याने फिरवायच्या दोन नीट काठ्या, हातात घेतलं की सोडवत नाही. जून २०११ मध्ये सोनीने २४९ डॉलर भाव जाहीर केला तेव्हा टाळ्या पडल्या, कारण थ्रीडीएसचा भाव तोच होता. दोन महिन्यांत समोरचा ऐंशी डॉलर खाली उतरला. त्यावर सोनीचं स्वतःचं मेमरी कार्ड, जे दुसरीकडे कुठे चालत नाही. ३२ जीबीला १०० डॉलर! म्हणजे गिऱ्हाईक यंत्राचा भाव ऐकून आत येणार आणि कार्डाचा भाव ऐकून बाहेर जाणार. काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं.

थोड्याच काळात सोनीने व्हिटाचा आकडा वेगळा देणं थांबवलं. पीएसपी आणि व्हिटा एकत्र मोजायला लागले, नंतर तेही बंद. बाहेरच्यांचे अंदाज एक ते दीड कोटीच्या मध्ये फिरतात. कंपनी एखादा आकडा देत होती आणि द्यायची थांबली, तर मला पुढचा तक्ता लागत नाही. लग्नघरी नवऱ्या मुलाच्या पगाराचा विषय निघाला आणि सगळे एकदम जेवणाची चौकशी करायला लागले की जसं कळतं, तसंच.

पण इथे एक खोच आहे. व्हिटावर छोट्या स्वतंत्र मंडळींचे गेम आणि जपानी कथाप्रधान गेम बरीच वर्षं निघत राहिले. थोडे, पण निष्ठावान गिऱ्हाईक. त्या छोट्या प्रकाशकांच्या दृष्टीने व्हिटा अपयशी नव्हतं. ज्याची त्याची वही वेगळी. म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं की यंत्र कशासाठी काढलं ते आधी विचारा.

आता पीएसपीचं कोडं सोडवू. आठ कोटी म्हणजे थ्रीडीएसपेक्षाही जास्त. तरी थ्रीडीएस तगलं म्हणतात आणि पीएसपी हरलं म्हणतात. सोनीला ते नुसतं गेमचं यंत्र म्हणून काढायचं नव्हतं. सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे प्रमुख केन कुतारागी त्याला एकविसाव्या शतकाचा वॉकमन म्हणायचे. गेम, सिनेमा, गाणी सगळं त्याच्यावर, आणि सिनेमा यूएमडी नावाच्या छोट्या चकतीवर पुन्हा विकत घ्यायचा. चकत्या पहिले काही महिने बऱ्या गेल्या, मग २००६ मध्ये स्टुडिओंनीच हात आखडता घेतला. घरात असलेल्या डीव्हीडीचे पुन्हा पैसे कोण देणार? गाणी आयपॉडवर गेली. उरले गेम. आणि तिथे आपल्यासारख्यांचा हात लागला.

पीएसपीचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, फुटलं आणि त्यावर चोरीचे गेम चालू लागले. आमच्याकडे दुकानदार यंत्र मागवताना पहिली अट घालायचे, ‘जुन्या फर्मवेअरचा माल द्या.’ गिऱ्हाइकाला यंत्र आणि चाळीस गेम भरलेली मेमरी स्टिक एकदमच हवी असायची. यंत्रं भराभर जायची आणि मूळ गेमच्या चकत्या कपाटात पिवळ्या पडायच्या. हे एकट्या भारतात नव्हतं. डीएसलाही चोरीचे गेम चालवणाऱ्या आर-फोर कार्डाने असंच पोखरलं, हेही सांगायला हवं. पण डीएसकडे जवळपास ९५ कोटी गेम विकले गेले, यंत्रामागे सहा. पोखरूनही घर उभं राहील एवढी भिंत जाड होती. सोनीचा मार्ग यंत्रावर कमी घ्या आणि प्रत्येक गेममागे रॉयल्टी घ्या असा असल्याने यंत्र खपतंय आणि गेम खपत नाहीत ही त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट अवस्था होती. आठ कोटींचा आकडा खरा आहे. तो फारसा कामाला आला नाही, एवढंच.

यंत्रामागे किती गेम, हे गुणोत्तर काढताना दोन पथ्यं पाळा. एक, ते वयानुसार वाढतं, त्यामुळे आठ वर्षांच्या यंत्राशी दोन वर्षांचं ताडून बघू नका. दोन, डब्यात यंत्राबरोबर दिलेले गेमही कंपनी त्यात मोजते. ही पथ्यं पाळूनही स्विचचा हिशेब डोळ्यात भरतो. मार्च २०२५ अखेर १५ कोटी २१ लाख यंत्रं आणि १३९ कोटी गेम, म्हणजे यंत्रामागे नऊ. मारिओ कार्ट ८ डिलक्स एकटा ६ कोटी ८२ लाख. आणि मला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा मार्च २०१७ मधला, अमेरिकेचा: स्विच ९ लाख ६ हजार आणि त्यावरचा झेल्डा ९ लाख २५ हजार. यंत्रापेक्षा गेम जास्त! काहींनी तर यंत्र मिळायच्या आधीच गेम घेऊन ठेवला होता.

किमतीकडेही बघा. पडणाऱ्या यंत्राचा भाव उतरत जातो. मूळ स्विच २०१७ मध्ये अमेरिकेत २९९.९९ डॉलरला आलं, आठ वर्षं त्याच भावात राहिलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो वाढवून ३३९.९९ केला. आठ वर्षांच्या जुन्या मालाचा भाव चढवून तो विकला जातोय, हे मी माझ्या धंद्यात दुसऱ्या कुठल्या यंत्राबाबत पाहिलं नाही.

जुन्या काळात गिऱ्हाइकाचा खर्च सेलवर व्हायचा. १९८९ च्या गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागायचे आणि ते बरेच दिवस पुरायचे. सेगाच्या गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता, पण सहा सेल तीन ते पाच तासांत संपायचे. गेम गिअर एक कोटी सहा लाखांवर थांबलं. निन्टेन्डोचं गेम बॉय, पुढचं गेम बॉय कलर धरून, ११ कोटी ८७ लाखांच्या घरात गेलं. सेल हे एकमेव कारण नव्हतं, टेट्रिस होता, नंतर १९९६ मध्ये पोकेमॉनने म्हाताऱ्या यंत्रात पुन्हा जीव घातला. तरी आपल्या जत्रेतला दोन सेलवर चालणारा ‘९९९९ गेम’वाला ब्रिक गेम ज्यांनी खेळलाय त्यांना सेलचं गणित वेगळं समजावावं लागत नाही. आई सेल आणून देते की नाही, यावर सगळं होतं.

स्टीम डेकला मात्र हे सगळं मोजमाप जसंच्या तसं लावू नका. व्हॅल्व्ह ही खाजगी कंपनी, आकडे देत नाही. २०२३ अखेर ‘काही दशलक्ष’ एवढंच म्हणाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळ्यात स्वस्त डेक ३९९ डॉलरला आलं, आणि हा भाव गाठताना जीव मेटाकुटीला आल्याचं व्हॅल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनीच कबूल केलं होतं. पण व्हॅल्व्हचं खरं दुकान स्टीम आहे, कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान, जिथे बहुतेक गेमच्या विक्रीतले ३० टक्के त्यांचे. डेक हे त्या दुकानाचं नवीन दार. माणूस लोकलमध्ये, पलंगावर, बायको टीव्ही बघत असताना खेळू लागला आणि सवलतीच्या सेलमध्ये चार गेम जास्त घेऊन बसला की दाराचा खर्च निघाला.

त्याच्या शेजारी असूसचं आरओजी अ‍ॅलाय ठेवा. २०२३ च्या जुलैत भारतात ६९,९९० रुपयांना आलं. त्यावर गेम घेतला की पैसे जातात स्टीमकडे नाहीतर मायक्रोसॉफ्टकडे; असूसच्या हाती त्यातलं जवळजवळ काही लागत नाही. म्हणून असूसला यंत्रावरच कमवावं लागतं, लॅपटॉपसारखं. डेक आणि अ‍ॅलाय दिसायला जुळे भाऊ, पण त्यांच्या विक्रीची तुलना करणं म्हणजे किराणा दुकानाच्या दाराची आणि दारं विकणाऱ्या सुताराची तुलना करणं.

प्लेडेटचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. पॅनिक ही पोर्टलंडची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. काळा-पांढरा पडदा आणि कडेला फिरवायचा दांडा असलेलं चिमुकलं पिवळं यंत्र. जुलै २०२१ मध्ये पहिले वीस हजार नग वीस मिनिटांच्या आत संपले. सोनीत कुणी वीस हजारांची योजना मांडली असती तर त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

आपल्याकडचं सांगायचं तर भारताचा आकडा कुठल्याच तक्त्यात नीट दिसत नाही. निन्टेन्डोची स्विचची इथे अधिकृत विक्री नाही, स्टीम डेकचीही नाही. माल बाहेरून येतो आणि जिथून उचलला त्या देशाच्या खात्यात पडतो. त्यामुळे ‘भारतात हँडहेल्ड चालत नाहीत’ हे विधान मी ऐकून सोडून देतो. सोनीचं प्लेस्टेशन पोर्टल ऑगस्ट २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना अधिकृतपणे आलं. पण ते पीएस५ घरात असेल त्याच्यासाठी काढलेलं, त्यामुळे ते किती गेलं हे पीएस५ किती घरांत आहे त्याच्याशी ताडूनच बघावं लागेल.

राहिलं स्विच २. जून २०२५ मध्ये ४४९.९९ डॉलरला आलं, पहिल्या चार दिवसांत ३५ लाख, सप्टेंबरअखेर १ कोटी ३ लाख ६० हजार. जोरदार आहे. पण हे बहुतेक जुने स्विचवाले आहेत, जे येणारच होते. आणि कित्येक डब्यांत मारिओ कार्ट वर्ल्ड आधीच घातलेला असल्याने सुरुवातीच्या गेमविक्रीचा आकडाही फुगलेला आहे. मी वाट बघतोय ती दुसऱ्या वर्षाच्या एप्रिल ते जून तिमाहीची. तेव्हा नाताळ नसतो, नवलाई ओसरलेली असते, मार्चअखेरीचा रेटा संपलेला असतो. २०११ मध्ये याच तीन महिन्यांनी थ्रीडीएसचे ७ लाख १० हजार दाखवले होते.